कोपराखाली दहावर

मंगळवारी आणि शुक्रवारी आंतिया माझा हात मोजते.
मनगटापासून वर, ठरावीक अंतरावर पेनाचा ठिपका,
ठिपक्यावर टेप. आधी उजवा, मग डावा.
कोपराखाली दहावर आजही साडेतीन सेंटिमीटर जास्त.
ती आकडा वहीत लिहिते
आणि हवामानाविषयी बोलायला लागते.

काखेतून सतरा गाठी काढल्या.
सतरा होत्या हे मला कुठे ठाऊक?
त्यांनीच मोजल्या, बरणीत घालून सांतियागोला पाठवल्या.
तिघींत सापडलं. चौदा निर्दोष निघाल्या.
त्या चौदांचं काम आता कुणी करायचं
हे कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मग हात भरत गेला.
आधी अंगठी. सोनाराने कापली ती,
नवरा बाहेर उभा राहून सिगरेट ओढत होता.
मग मनगटाचं हाड बुडालं, मग शिरा,
मग बोटांचे सांधे. माझ्या आईचे सांधे होते ते.

आम्ही हातावर पोट असलेल्या बायका.
ओहोटी लागली की कंबादोसच्या खाडीत उतरायचं,
मांडीभर पाण्यात दाताळं ओढायचं
तिसऱ्यांसाठी. चोवीस वर्षं.
डॉक्टर म्हणाले, जड उचलू नका, कापून घेऊ नका.
मी विचारलं, मग हाताचं करायचं काय?
जपा, म्हणाले.
आमच्या घरात जपतात ती
सासूबाईंच्या लग्नातली बशी. तिच्यात कुणी जेवत नाही.

आंतिया हातापासून सुरुवात करत नाही.
मला वाटलं, चुकली. नवी आहे पोरगी.
ती बोटं ठेवते गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात,
मग उजव्या काखेत, जिला काहीच झालेलं नाही,
आणि इतकं हलकं की शिवी द्यावीशी वाटते.
चोळ की जरा, पीठ मळतात तसं!
ती म्हणते, दोसिंदा, मोरी तुंबली तर
पुढचं तोंड मोकळं केल्याशिवाय
मागचं पाणी जाणार कुठे?
मी गप्प. मोरीतलं मला कळतं.

रात्री एरुंदिना येते, माझी जाऊ.
बोटांना जाळीची पट्टी, तळव्यात फोम,
मग गुंडाळीवर गुंडाळी, बोटांकडे घट्ट, खांद्याकडे सैल.
पहिल्या आठवड्यात तिने उलटं केलं,
सकाळी बोटं जांभळी.
आधी दोघी हसलो, मग ती रडली.
मला सवड नव्हती, पट्ट्या धुवायच्या होत्या.

बाजारात विचारतात, बरी झालीस ना?
बरी.
बरी म्हणजे स्कॅनमध्ये काही नाही.
बरी म्हणजे नुसती बरी,
कालवण कसं झालंय विचारलं
तर नवरा म्हणतो तेवढी.
सूज बरी होत नाही, ओसरते. पुन्हा येते.
हे आंतियाने पहिल्याच दिवशी सांगितलं, डोळ्यांत बघून,
म्हणून तर मी दुसऱ्या दिवशी गेले.

मे महिन्यात तिने परवानगी दिली नाही, नियम दिले.
खांद्यापर्यंत हातमोजा. आखूड दाताळं. वीस मिनिटं.
आणि शेवटी दाताळं बाजूला ठेवून
छातीभर पाण्यात उभी राहा.
राहिले.
हाताला चहूबाजूंनी सारखं दाबत होतं काही,
पट्टीला जमत नाही असं, आंतियालाही नाही.
पलीकडे बायका वाकलेल्या, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं,
मुद्दामच.
पाणी ओसरायला लागलं तसं
एरुंदिनाने माझ्या बादलीत मूठभर तिसऱ्या टाकल्या.
मापात बसत नव्हत्या. एकूणएक लहान.
मी तिला झापलं आणि परत चिखलात सोडल्या,
डाव्या हाताने.

शुक्रवारी टेप लागली.
आंतिया हवामानाविषयी बोलली नाही.
ती आकडा लिहीत होती तेव्हा मी म्हटलं,
थांब, परत मोज.